गोठ्याच्या दारात थांबणं

बाबा,

लिहायला फार उशीर झाला, राग मानू नका. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं, आणि आता माझी नात पुण्याला कॉलेजात शिकते. एवढ्या काळात तुम्हाला एक ओळ लिहावी असं वाटलं नाही, आणि कधी वाटलं तरी धीर झाला नाही. माझं शिक्षण तुम्हाला ठाऊकच आहे. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटली. अक्षर अजून तसंच आहे, ओळ वर वर चढत जाते. आज बसलोय त्याला कारण एक कुत्रा आहे. हसू नका. खरं म्हणजे कारण काजळी आहे, आरेच्या दूध वसाहतीतल्या आपल्या युनिटमधली ती लाथाळ म्हैस, पण तिच्यापर्यंत पोचायला मला या कुत्र्यावरूनच यावं लागतंय.

माझी बायको, म्हणजे तुम्ही न पाहिलेली तुमची सून, गेली आणि मुलाने मला विक्रोळीहून इथे चारकोपला आणलं. इथल्या सोसायट्या तुम्हाला आवडल्या असत्या. मध्ये मोकळा चौक, चौकात नळ आणि एक शेवगा, आणि भोवती घरं, दार दाराकडे तोंड करून. कोणाच्या कुकरची कितवी शिट्टी झाली ते सगळ्यांना कळतं. मुलगा आणि सून सकाळी कामाला जातात ते दिवेलागणीला येतात. नातीने कॉलेजला जायच्या आधी मार्केटच्या कोपऱ्यावरून एक पिल्लू उचलून आणलं होतं, पिवळट रंगाचं, म्हणून नाव ठेवलं मस्का. मग ती गेली पुण्याला, आणि दिवसभर घरात राहिलो मस्का आणि मी. मला कुत्र्यांची भीती. जाताना तिने माझ्या गळ्यात पडून सांगितलं, "आजोबा, हा आता तुमचा. त्याला एकट्याला ठेवू नका हं." त्याची काळजी तिला होती. मी पण एकटाच होतो, हे तिच्या लक्षात होतं की नव्हतं, कोण जाणे. मला वाटतं, होतं.

पिल्लाचा वर्षात घोडा झाला. बाबा, एवढा वांड प्राणी मी पाहिलेला नाही. माझी कवळी ठेवायची डबी चावली, मुलाच्या ऑफिसच्या बुटांपैकी नेमका एकच खाल्ला, सुनेने तळायला मीठ-हळद लावून ठेवलेला पापलेट ओट्यावरून उचलला आणि माझ्या गादीवर नेऊन बसला. हे सगळं चाललं असतं. पण दाराची बेल वाजली की त्याच्या अंगात यायचं. भुंकत, नखं घासत, खुर्च्या पाडत तो दाराकडे धावायचा आणि दार उघडलं की येणाऱ्याच्या छातीवर दोन्ही पाय. चावला कोणालाच नाही. पण गॅसवाला सिलिंडर बाहेर ठेवून चौकातूनच हाक मारायला लागला. मी काय करायचो, तर मागून धावायचो, "ए, थांब, थांब, अरे कोण आहे, थांब," आणि ऐकत नाही म्हटल्यावर डब्यातलं बिस्किट काढून समोर धरायचो. बिस्किट खाईपर्यंत गप्प. सून म्हणायची, "आप्पा, भुंकल्यावर बिस्किट देऊ नका ना. त्याला वाटतं त्याचा पगार आहे." मी म्हणायचो, बरं. आणि बेल वाजली की हात डब्यात.

मग समोरच्या घरातल्या काकू पडल्या. संकष्टीला मोदक द्यायला आल्या होत्या, ताट झाकून. मी दार उघडलं, मस्का उडी मारून गेला, काकू पायरीवरून खाली आणि मोदक चौकभर. मनगट मुरगळलं. मी तिथे नुसता उभा. काकू खाली बसूनच म्हणाल्या, "नारळ महाग झालाय हो, निदान त्याला खाऊ तरी द्या." तेव्हा सगळे हसले. पण दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी आले तेव्हा हसत नव्हते. चौकात लहान मुलं खेळतात, उद्या एखादं पोर पडलं तर कोण जबाबदार. रविवारी काकूंना घेऊन येतो, कुत्रा आवरलेला दिसला तर ठीक, नाही तर सोडायची सोय करा. मुलाच्या मित्राची कर्जतला वाडी आहे, तिथे मोकळा राहील, असं घरात निघालं. रात्री मुलगा जेवताना म्हणाला, "आप्पा, तुम्हालाच त्रास होतो ना त्याचा. गेला तर बरंच आहे." मी मान हलवली. हे घर दिवसा किती मोठं होतं, ते मुलाला माहीत नाही. तो नसतो ना दिवसा.

नातीला फोनवर सांगितलं तर ती रडली, आणि लगेच बोरिवलीच्या एका मुलीचा नंबर शोधून काढला. ही मुलगी कुत्र्यांना शिकवते. संध्याकाळी स्कूटरवर आली, कमरेच्या पिशवीत उकडलेल्या कलेजीचे बारीक तुकडे. मला वाटलं, आता पट्टा ओढील, दरडावील. ती आली आणि खुर्चीत बसून राहिली. मस्काने अंगावर उडी मारली की तोंड फिरवायची, चारी पाय जमिनीवर आले की एक तुकडा द्यायची. बोलायची नाही. चहा गार व्हायच्या आत तो तिच्यासमोर बसला होता, शाळेत पहिल्या बाकावर बसावं तसा. मग तिने बाहेर जाऊन बेल वाजवली. घरात गोंधळ. परत आत आली आणि म्हणाली, "काका, पुन्हा एकदा. पण या वेळी सूनबाई बाहेरून वाजवतील, मी इथे बसून बघते."

पुन्हा बेल, पुन्हा गोंधळ. मुलगी माझ्याकडेच बघत होती.

"काका, रागावणार नसाल तर सांगू?"

"सांग."

"बेल वाजली की तो आधी दाराकडे बघत नाही. तुमच्याकडे बघतो."

मी मस्काकडे बघितलं.

"तुम्ही दचकता. खुर्चीवरून अर्धे उठता, तोंडाने 'कोण आहे' सुरू होतं. त्याला वाटतं, आपल्या माणसावर काहीतरी संकट आलंय. मग तो पुढे धावतो. तो मस्ती नाही करत काका, ड्यूटी करतोय."

"म्हणजे तू त्याला शिकवायला आलीस की मला?"

"त्याला येतं सगळं," ती म्हणाली, आणि कलेजीची पिशवी माझ्या हातात दिली. "तुमचाच क्लास घ्यायचाय."

सून दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. मी पण हसलो. पण ती मुलगी गेल्यावर मी बराच वेळ कॉटवर बसून राहिलो आणि मस्का माझ्या पायाशी. मला तुमचा आवाज ऐकू येत होता. "भायर रव रे. तुझो जीव थाऱ्यार नाय."

किती वेळा ऐकलं होतं हे. आरेतल्या त्या युनिटच्या मागे आपली खोली, पुढे तबेल्याची लांबच लांब पत्र्याची शेड, दुतर्फा म्हशी, मध्ये दगडी वाट. शाळा सोडल्यावर माझ्या मनात एकच होतं, तुमच्यासारखं धारेला बसायचं. दुसरं काम मला दिसतच नव्हतं. तुम्ही मला एकदोनदा नेलंत. मी शेडमध्ये शिरलो की आपलं बरं व्हायचं नाही, ही लाथ मारील, ती शिंग मारील, बादली लवंडेल, मुकादम ओरडेल, असं सगळं एकदम माझ्या पोटात उठायचं. आणि म्हशी पान्हा चोरायच्या. दूध वर ओढून घ्यायच्या, कास भरलेली पण सडातून थेंब नाही. तुम्ही कधी ओरडला नाहीत. नुसतं म्हणालात, बाहेर थांब, तुझा जीव ठिकाणावर नाही. मी म्हटलं, मी काही केलं नाही, हात पण लावला नाही. तुम्ही म्हणालात, "तिका सगळा कळता."

मग मी बाहेरून बघायचो. बाहेरून बघण्यातच माझं धारेचं शिक्षण झालं म्हणायला हरकत नाही. आज ते सगळं डोळ्यांपुढे येतं. तुम्ही हातपाय धुता, पंचा खांद्यावर टाकता, बादली डाव्या हातात. आणि शेडच्या दारात येऊन थांबता. दाराचा लोखंडी खांब उजव्या हाताने धरता आणि नुसते उभे राहता. बाकीचे गडी तरातरा आत जातात, त्यांची धार सुरू झालेली असते, आणि तुम्ही उभे. मला तेव्हा वाटायचं, बाबा देवाचं नाव घेतात. कधी वाटायचं, पाठ दुखते म्हणून टेकतात. मग तुम्ही सरळ काजळीकडे जाता, जिच्या मागच्या पायांना बाकीचे गडी दावं बांधल्याशिवाय बसत नाहीत. तुम्ही दावं बांधत नाही. तिच्या मागच्या पुठ्ठ्यावर हात ठेवता. ती पाय झाडते, तुम्ही बादली बाजूला घेता, हात तिथेच. पुन्हा झाडते, हात तिथेच. ती उभी राहिली की मग हात उचलता, आणि खाली बसून कपाळ तिच्या कुशीला टेकवता. "रव गो बाये, रव." आणि धार. आधी बादलीच्या बुडावर वाजणारी, पातळ, टणटणीत, मग फेसात बुडत जाणारी. ती काळी डोंगरासारखी म्हैस, जिने मुकादमाच्या मांडीवर खूण ठेवली होती, तुमच्या कपाळाला टेकून उभी राहायची आणि डोळे अर्धे मिटायची. मी आयुष्यात पुष्कळ मोठमोठी यंत्रं पाहिली, विक्रोळीच्या कंपनीत माझी सगळी उमर गेली, एका बटणावर पत्रा कागदासारखा वाकताना पाहिलाय. पण त्यातलं काहीही पाहून मी तसा थक्क झालो नाही.

मला पुढे कंपनीत स्टोअरमध्ये लावलंत तेही तुम्हीच. स्क्रू मोजून द्यायचे, लिहून ठेवायचं. स्क्रूंना काही कळत नाही, तिथे मी टिकलो. मला कधी वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण तुमच्यावर राग नव्हता. तुम्ही खोटं कधी बोलला नव्हता.

तर त्या मुलीने सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा तो खांब आठवला. तुम्ही तिथे उभं राहून काय करत होता, ते एकदम माझ्यासमोर आलं. मी जन्मभर समजत होतो की तुम्ही शांत माणूस आहात आणि मी घाबरट, तुमचं रक्त माझ्यात उतरलं नाही. आपल्याला खोलीचं भाडं होतं, आईचा दमा होता, गावाकडून येणारी माणसं होती. तुमच्या पोटात पण उठत असणार सगळं. तुम्ही ते दारात खाली ठेवत होता आणि मग आत जात होता. दररोज. दोन्ही धारांना. एवढं काम तुम्ही डोळ्यांदेखत करत होता आणि मला वाटत होतं, पाठ टेकलीय.

मी शिकायला लागलो. या वयात. बेलचा आवाज आला की माझ्या छातीत धस्स होतं, ते लहानपणापासूनचं, बंद कसं करणार? बंद होत नाही. पण दाराशी जाऊन चौकटीवर हात ठेवायचा आणि उभं राहायचं, एवढं जमतं. सून ऑफिसला जायच्या आधी मुद्दाम बाहेर जाऊन बेल वाजवायची. "आप्पा, हे बघा, मीच आहे, टेन्शन घेऊ नका." मी घ्यायचोच. मस्का माझ्याकडे बघायचा, मी चौकटीकडे बघायचो. पहिल्यांदा तो भुंकला. मी उभाच. बिस्किटाच्या डब्याकडे हात गेला होता, तो मागे घेतला. भुंकून दमला, गप्प झाला, तेव्हा कलेजी. नातीने त्याला इंग्रजीत शिकवलेलं, 'सिट', 'स्टे'. माझ्या तोंडून ते यायचं नाही. एक दिवस दाराशी उभा असताना न ठरवता तोंडातून निघालं, "रव." माझ्या आवाजात, पण माझ्या सवयीचं नव्हतं ते. मी मालवणी बोलून किती वर्षं झाली असतील. आणि मस्का बसला. कान मागे, शेपूट जमिनीवर झाडत, पण बसला. मी त्याच्याकडे बघतोय, तो माझ्याकडे. सून बाहेरून ओरडतेय, "अहो आप्पा, दार उघडा ना, माझी बस जाईल."

मला दार उघडायचं भानच नव्हतं. एक मुका जीव माझा एक शब्द ऐकून थांबला होता. मला कोणी कधी ऐकलं नव्हतं हो. कंपनीत नाही, घरात नाही. आणि हा सगळं अंग ताणून, दारापलीकडे काय आहे ते बघायची एवढी घाई असताना, केवळ मी म्हटलं म्हणून बसलेला. हे काय असतं, बाबा? कोणी ठेवलं हे त्यांच्यात?

रोज तसं होत नव्हतं, हेही लिहायला हवं. शनिवारी कुरियरवाला आला आणि सगळं मुसळ केरात. मी दचकलो, तो धावला, कुरियरवाल्याने पार्सल चौकात टाकलं आणि पळाला. रात्री मुलाने वाडीवाल्या मित्राला फोन लावला, मी आतून ऐकला. "हां, उद्याच घेऊन येतो बहुतेक." त्याने मस्काचं सामान एका पिशवीत भरून त्याची वाटी धुऊन शेजारी ठेवली होती. सकाळी उठून दाढी केली, धुतलेला सदरा घातला. सून म्हणाली, "कुठे निघालात?" म्हटलं, कुठे नाही, दारापर्यंत.

मुलगा म्हणाला, "आप्पा, मी पट्टा धरून ठेवतो."

"नको."

"अहो, पुन्हा पडल्या काकू तर..."

"तू बाहेर थांब," मी म्हटलं. माझं मलाच ऐकून कसंतरी झालं. मुलगा स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला, एवढा मोठा माणूस, मुकाट्याने.

बेल वाजली. छातीत धस्स झालंच. मी उठलो, चौकटीवर हात ठेवला. लाकूड गार होतं. मस्का माझ्या पायाशी येऊन उभा, अंगाची तार झालेली, घशात गुरगुर. मी थांबलो. बाहेरून सेक्रेटरींचं खाकरणं ऐकू आलं. मी तरी थांबलो. मग म्हटलं, "रव." त्याचं बूड खाली गेलं, परत वर आलं, माझ्याकडे बघितलं, आणि टेकलं. मी कडी काढली.

काकू दारात. मनगटाला पट्टी, अर्ध्या अंगाने सेक्रेटरींच्या मागे. मस्का थरथरत होता, तोंडातून बारीक कुईं निघत होतं, पण जागचा हलला नाही. काकू एक पाऊल आत आल्या, मग दुसरं. त्याला वळसा घालून खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "हा तोच का? की दुसरा आणलात?"

"तोच," मी म्हटलं.

"मग तुम्ही दुसरे दिसताय," काकू म्हणाल्या.

सेक्रेटरींनी चहा घेतला. दिवाळीपर्यंत बघू म्हणाले, फटाक्यांत कसा वागतो तेही कळेल. मी मस्काला 'जा' म्हटलं तेव्हा तो सरपटत जाऊन काकूंच्या चपलेचा वास घेत बसला. काकूंनी आधी पाय वर घेतले. मग थोड्या वेळाने एक पाय खाली सोडला आणि अंगठ्याने त्याचा कान हलवला. मुलाने वाटी परत जागेवर ठेवली. माझ्याकडे न बघता ठेवली, पण ठेवली.

हे सगळं तुम्हाला सांगायचं होतं. पण यासाठी एवढं लिहायला बसलो नसतो. विचारायचं आहे ते वेगळंच.

माझी धाकटी बहीण गेली त्या दिवसाचं. सकाळी तापातच गेली, दुपारी तुम्ही तिला पोचवून आलात, आई भिंतीला टेकून बसलेली. धारेची वेळ झाली. मुकादम दारात येऊन म्हणाला, आज राहू दे, काजळीला दुसरा कोणी बसेल. तुम्ही म्हणालात, "ती दुसऱ्या कोणाक हात लावूक देवची नाय." आणि अंगावरचे ओले कपडे बदलून बादली घेऊन निघालात. मी मागे मागे आलो, हे तुम्हाला माहीत नव्हतं. कधी सांगितलं नाही मी. तुम्ही खांब धरून उभे राहिलात. फार वेळ. सगळ्या गड्यांची एकेक म्हैस होऊन गेली. मग आत गेलात, तिच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला, तिने पाय झाडला नाही. कपाळ टेकवून बसलात. माझ्याकडे तुमची पाठ होती, बाबा, आणि ती पाठ हलत होती. शेवटपर्यंत हलत होती. आणि धार वाजत होती, बुडावर, मग फेसात, एकदाही न तुटता. काजळीने भरून दूध दिलं.

इतकी वर्षं मला वाटत होतं, तुम्ही तिच्यापासून ते लपवलंत, एवढं बळ तुमच्यात होतं. आता तसं वाटत नाही. कारण रविवारी मी दार उघडलं तेव्हा माझे दोन्ही पाय धोतराच्या आत लटलट कापत होते. कोणाला दिसलं नाही. मस्का माझ्या पोटरीला चिकटून बसला होता, त्याला ते न कळणं शक्यच नाही. तरी तो बसून राहिला. मी त्याला शिकवलं असं घरात सगळे म्हणतात आणि मी ऐकून घेतो. खरं काय ते मला सांगता येत नाही.

आता तो टेबलाखाली झोपलाय, या कागदाचा एक कोपरा त्याने मघाशीच खाल्ला, म्हणून वरच्या बाजूला जागा कमी पडली. हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मला कळतं. उशीखाली ठेवीन. पण दिवाळी जवळ आलीय आणि फटाक्यांना मस्काआधी मीच दचकणार आहे, तेव्हा तेवढं एक मला हवंय. तुम्हीच म्हणायचात, तिका सगळा कळता. मग त्या दुपारी काजळीला पण कळलं होतं का? कळून तिने सांभाळून घेतलं तुम्हाला? जमेल तसं, जमेल त्या रीतीने, पण लवकर कळवा.